मयूर विहारचे कावळे आणि सात दिवसांची दिल्ली

2021 सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा संपत आला होता. पूर्व दिल्लीतल्या मयूर विहार फेज 3 मधल्या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांना आणि तिथे झाडलोट करणाऱ्या माळ्यांना गवतावर मेलेले कावळे दिसू लागले. आज दोन, उद्या चार, मग झाडाखाली ओळीने. कडाक्याच्या थंडीत एखादा पक्षी दगावणे नवे नव्हते. एकाच जातीचे इतके पक्षी एकाच जागी मरणे मात्र कोणी पाहिले नव्हते. ही गोष्ट महापालिका आणि दिल्ली सरकारच्या पशुसंवर्धन विभागापर्यंत पोहोचली, 8 जानेवारीला तिची बातमी झाली आणि पुढचे सात दिवस देशाच्या राजधानीने एका साथीशी सामना केला.

त्यावेळची दिल्ली आधीच दमलेली होती. करोनाची लस अजून लोकांपर्यंत पोहोचायची होती. देशव्यापी लसीकरण सुरू झाले ते 16 जानेवारीला. मयूर विहारपासून जवळच गाझीपूरच्या सीमेवर शेतकऱ्यांचे आंदोलन नोव्हेंबरपासून ठाण मांडून होते. त्याआधीच्या जूनमध्ये टोळधाड गुरुग्रामवर उतरली होती आणि दिल्ली सरकारने घाईघाईने बैठका घेतल्या होत्या. टोळ, विषाणू आणि आता कावळे. वर्षभरात तिसऱ्यांदा शहराला निसर्गाकडून आलेल्या संकटाची तयारी करावी लागत होती.

गाझीपूर आणि संजय तलावाच्या मधे

मयूर विहार म्हणजे यमुनेच्या पूर्वेकडची, दिल्ली विकास प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने वसवलेली वसाहत. नकाशात तिच्या शेजारी काय काय आहे हे पाहिले की या प्रकरणाचे गांभीर्य कळते. एका बाजूला गाझीपूर : कोंबड्यांचा घाऊक बाजार, मासळी बाजार, कत्तलखाना आणि डोंगराएवढा झालेला कचरा डेपो, सगळे हाकेच्या अंतरावर. त्या कचऱ्यावर कावळे आणि घारी दिवसभर घिरट्या घालतात आणि आसपासच्या वसाहतींतल्या झाडांवर येऊन बसतात. दुसऱ्या बाजूला, फेज 2 आणि त्रिलोकपुरीला लागून संजय तलाव. त्यात पाळलेली बदके असत आणि थंडीत स्थलांतरित पक्षीही उतरत. दक्षिणेला यमुनेच्या पात्रात ओखला पक्षी अभयारण्य. मध्य आशियातून हिंदुस्थानात येणारे पक्षी ज्या हवाई मार्गाने येतात, त्या मार्गावरचे हे विसाव्याचे ठिकाण.

म्हणजे रानटी पक्षी, पाळीव पक्षी, मांसाचा बाजार आणि दाट मनुष्यवस्ती, हे चारही काही किलोमीटरांच्या आत एकत्र आले होते. बर्ड फ्लूच्या विषाणूला एका जातीतून दुसरीत जायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. म्हणूनच उद्यानातले मेलेले कावळे हा केवळ सफाई कामगारांचा प्रश्न उरला नाही.

झालावाडहून निघालेली वार्ता

दिल्लीला इशारा मिळाला होता. 25 डिसेंबर 2020 रोजी राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात कावळे मरून पडले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले. पाठोपाठ मध्य प्रदेशात इंदूर, मंदसौर आणि माळव्याच्या इतर भागांत कावळे मेले. हिमाचल प्रदेशात पोंग धरणाच्या जलाशयावर स्थलांतरित हंस मेले. केरळमध्ये कोट्टायम आणि आलप्पुळा जिल्ह्यांत पाळीव बदके मेली. 6 जानेवारीपर्यंत केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने या चार राज्यांतल्या साथीची घोषणा करून दिल्लीत नियंत्रण कक्ष उघडला होता. हरियाणात पंचकुला जिल्ह्यातल्या पोल्ट्री फार्मांवर कोंबड्या लाखांनी मरत होत्या, आणि दिल्लीच्या बाजारात येणारा बराच माल त्याच राज्यातून येत होता.

बहुतेक ठिकाणी सापडलेला विषाणू एच5एन8 जातीचा होता. हा विषाणू भारतात पहिल्यांदा आढळला तोही दिल्लीतच. ऑक्टोबर 2016 मध्ये राष्ट्रीय प्राणी उद्यानात चित्रबलाक आणि इतर पाणपक्षी मेले, हौज खासच्या डिअर पार्कमध्ये बदके मेली आणि प्राणिसंग्रहालय बंद करावे लागले. त्यामुळे 2021 मध्ये दिल्लीच्या पशुवैद्यकांना काय करायचे हे ठाऊक होते. त्यांना ते शिकवले होते आणखी दहा वर्षे मागच्या एका प्रसंगाने, आणि तो प्रसंग महाराष्ट्रातला आहे.

नवापूरचे तीन आठवडे

2006 च्या जानेवारीअखेरीस नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरू लागल्या. अंड्यांवरच्या कोंबड्यांचा तिथे मोठा धंदा होता. सुरुवातीला सगळ्यांना वाटले राणीखेत आला. मानमोडी म्हणून खेड्यापाड्यांत ओळखला जाणारा हा रोग कुक्कुटपालकांना जुना परिचित. नमुने भोपाळला गेले आणि 18 फेब्रुवारीला जाहीर झाले की हा एच5एन1, भारतातला पहिला बर्ड फ्लू आहे. पहिली कोंबडी मरण्यापासून निदानापर्यंत सुमारे तीन आठवडे गेले होते.

या तीन आठवड्यांत माल बाजारात जात राहिला, माणसे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जात राहिली. निदान झाल्यावर मात्र सरकारी यंत्रणा अक्षरशः तुटून पडली. संरक्षक पोशाख घातलेले पशुधन विकास अधिकारी आणि कामगार दिवसरात्र कोंबड्या मारून खोल खड्ड्यांत चुन्यासह पुरत होते. अडीच लाखांच्या आसपास पक्षी नष्ट झाले, लाखो अंडी गाडली गेली. शेजारच्या गुजरातेत उच्छल आणि नंतर महाराष्ट्रात जळगावपर्यंत ही मोहीम चालली. एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. देशभर मात्र लोकांनी कोंबडी खाणे सोडले, भाव कोसळले आणि ज्यांच्या शेडपर्यंत विषाणू पोहोचलाच नाही असे शेतकरीही कर्जात बुडाले.

जगाने हा धडा थोडा आधी घेतला होता. 1997 मध्ये हाँगकाँगमध्ये हा विषाणू पहिल्यांदा कोंबड्यांतून थेट माणसांत गेला. 18 जणांना लागण झाली, त्यातले 6 दगावले. शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारण्याचा निर्णय तिथल्या सरकारने घेतला आणि ती साखळी तुटली. तेव्हापासून जगभर एकच सूत्र पाळले जाते : लवकर ओळखा, ताबडतोब वेढा घाला, वेढ्याच्या आतले पाळीव पक्षी नष्ट करा आणि वेढ्याच्या बाहेर डोळ्यांत तेल घालून पाहत राहा.

कायदा, खड्डा आणि भरपाई

भारतानेही हे सूत्र कागदावर आणले. बर्ड फ्लूसाठी राष्ट्रीय कृती आराखडा तयार झाला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारला गेला. आराखड्याप्रमाणे बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरचे बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचे सर्वेक्षण क्षेत्र आखले जाते. बाधित क्षेत्रातले पाळीव पक्षी, अंडी आणि खाद्य नष्ट करायचे. जागा निर्जंतुक करायची. तिथे काम केलेल्या माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवायचे. रानटी पक्ष्यांना मात्र हात लावायचा नाही. कावळ्यांमागे बंदुका घेऊन धावलो तर ते उडून दुसऱ्या वस्तीत जातात आणि रोगही सोबत नेतात.

2009 मध्ये प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा आला. या कायद्याने जनावराच्या मालकापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येकावर रोगाची खबर देण्याचे बंधन घातले. पण जो खबर देतो त्याच्याच कोंबड्या मारल्या जातात. त्याला काही मिळणार नसेल, तर तो मेलेल्या कोंबड्या रात्री ओढ्यात टाकेल आणि जिवंत कोंबड्या पहाटे बाजारात पाठवेल. म्हणून भरपाई हा या यंत्रणेचा प्राण आहे. 2021 मध्ये अंड्यांवरच्या मोठ्या कोंबडीमागे 90 रुपये, मांसाच्या मोठ्या कोंबडीमागे 70 रुपये आणि मोठ्या बदकामागे 135 रुपये असे दर होते. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. उभा धंदा बुडालेल्या माणसाला ही रक्कम अपुरीच, तरीही खरे बोलण्याचे मोल सरकार देते एवढा भरवसा तिने दिला.

आणि या सगळ्याच्या मुळाशी प्रयोगशाळा. भारतात जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास करणारी पहिली संस्था 1889 मध्ये पुण्यातच सुरू झाली होती. गुरांच्या बुळकांडीने देश हैराण झाला होता, म्हणून इंग्रज सरकारने इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी उघडली. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली आणि पुढे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. अनेक दशकांच्या लशीकरणानंतर 2006 मध्ये भारत बुळकांडीमुक्त असल्याचे जगाने मान्य केले. ज्या वर्षी एक जुना शत्रू गेला, त्याच वर्षी नवापुरात नवा दाखल झाला. 2021 मध्ये उत्तर भारतातले नमुने आधी जालंधरच्या विभागीय प्रयोगशाळेत आणि अंतिम निदानासाठी भोपाळला जात. महाराष्ट्रातले पुण्याच्या पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेतून पुढे जात.

आठ ते चौदा जानेवारी

मयूर विहारच्या उद्यानात पथके आली ती ही सगळी पूर्वपुण्याई पाठीशी घेऊन. मेलेले कावळे हातमोज्यांनी उचलून, पिशवीत बंद करून, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना झाले. उरलेले खड्ड्यात पुरले गेले. द्वारकेच्या एका उद्यानातही कावळे मेल्याची खबर आली.

9 जानेवारीला संजय तलावात 10 बदके मेलेली सापडली. आता प्रश्न कावळ्यांपुरता राहिला नाही. त्याच दिवशी मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी जाहीर केले की गाझीपूरचा कोंबडी बाजार दहा दिवस बंद राहील, दिल्लीत बाहेरून जिवंत पक्षी आणता येणार नाहीत, संजय तलाव, हौज खास, हस्तसाल आणि द्वारकेची उद्याने बंद राहतील आणि प्रत्येक जिल्ह्यात शीघ्र कृती पथक काम करील. दुसऱ्या दिवशी तलावात आणखी 17 बदके मेली. लाल किल्ल्याच्या आवारातही कावळे मेलेले आढळले.

11 जानेवारीला भोपाळचा निकाल आला. दिल्लीचे आठ नमुने बाधित निघाले : चार मयूर विहार फेज 3 च्या उद्यानातले, तीन संजय तलावातले, एक द्वारकेचा. कावळ्यांची खबर जाहीर झाल्यापासून निदानापर्यंत तीन-चार दिवस लागले. नवापूरच्या तीन आठवड्यांशी हे ताडून पाहावे. पंधरा वर्षांत या देशाने काय कमावले ते या फरकात दिसते. ते कमावले प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी, पेट्या घेऊन रात्रीत जालंधर आणि भोपाळ गाठणाऱ्यांनी आणि मेलेला कावळा पाहून दूरध्वनी करणाऱ्या नागरिकांनी.

निकाल आला त्याच दिवशी संजय तलावावर बदके मारण्याचे काम सुरू झाले. रोज सकाळी त्यांना दाणे टाकणाऱ्या लोकांना हे सोसणे जड गेले असेल, आणि ते काम करणाऱ्या पथकांनाही. पांढऱ्या पोशाखातली माणसे नावेतून बदके धरत होती, काठावर खड्डे खणले जात होते. तलावातल्या बदकांना वाचवण्याचा मार्ग नव्हता. बाधित पाण्यात राहिलेले प्रत्येक बदक पुढच्या कित्येक पक्ष्यांना रोग देऊ शकत होते, आणि बदकांचा दोष असा की अनेकदा ती स्वतः आजारी न दिसता विषाणू पसरवतात.

इथवरचे सगळे शिस्तीत झाले. पुढच्या दोन दिवसांत भीतीने शास्त्राला मागे टाकले. बाहेरून येणारे प्रक्रिया केलेले आणि पाकीटबंद चिकन विकायलाही सरकारने बंदी घातली. 13 जानेवारीला महापालिकांनी दुकानांत कोंबडीच्या मांसाची विक्री आणि साठवण थांबवली, खानावळींना अंड्याचे पदार्थसुद्धा देऊ नका म्हणून बजावले. वास्तविक 70 अंश सेल्सिअसला नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही, हे केंद्रीय पशुसंवर्धन खाते रोज सांगत होते आणि विक्रीवरच्या बंदीचा फेरविचार करा म्हणून राज्यांना विनवत होते. करोनाच्या टाळेबंदीतून जेमतेम उठलेले दुकानदार, ढाबेवाले, हातगाडीवर आम्लेट विकणारे पुन्हा घरी बसले.

गाझीपूरच्या बाजारातून घेतलेल्या 100 नमुन्यांचा निकाल त्याच सुमारास आला. एकही बाधित नव्हता. 14 जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, मुख्यमंत्र्यांनी बाजार उघडण्याचा आणि चिकनवरचे निर्बंध मागे घेण्याचा आदेश दिला. ठरवलेले दहा दिवस पुरे व्हायच्या आत बाजार सुरू झाला, कारण निर्णय पुन्हा प्रयोगशाळेच्या हाती गेला होता.

साथ लगेच संपली असे नाही. प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका मासेमार घुबडाचा नमुना बाधित निघाला. लाल किल्ल्यातल्या कावळ्याचाही निघाला आणि किल्ला प्रजासत्ताक दिनापर्यंत पर्यटकांसाठी बंद ठेवण्यात आला. पण गाझीपूरच्या बाजारात रोग शिरला नाही आणि दिल्लीत एकही माणूस या साथीने आजारी पडल्याची नोंद झाली नाही.

त्याच आठवड्यात मराठवाडा

मयूर विहारचा निकाल आला त्याच 11 जानेवारीला महाराष्ट्रातही बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झाले. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या होत्या. मुंबई, ठाणे, दापोली आणि बीडमध्ये कावळे आणि इतर पक्षी मेले होते. पशुसंवर्धन मंत्री सुनील केदार यांच्या खात्याने गावाभोवती क्षेत्र आखले, कोंबड्या नष्ट केल्या. लातूर आणि नांदेडपर्यंत हा वणवा पोहोचला आणि फेब्रुवारीत तो पुन्हा नवापूरला जाऊन भिडला. तिथे लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. एकाच तालुक्याने पंधरा वर्षांत दोनदा हे भोगले.

दिल्लीत उद्यानातला कावळा मरतो तेव्हा कोणाची चूल विझत नाही. मुरुंब्यात आणि नवापुरात कोंबडी मरते तेव्हा घराचे वर्षाचे गणित मोडते. म्हणून मयूर विहारमधले निदान तीन-चार दिवसांत झाले याचे श्रेय घेताना हेही मान्य केले पाहिजे की तिथे खबर देणाऱ्याला गमवायचे काही नव्हते. खरी परीक्षा गावातल्या शेडमध्ये असते.

पुढे काय झाले

जुलै 2021 मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केले : एच5एन1. बर्ड फ्लूने माणूस मेल्याची ही भारतातली पहिली नोंद. त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच रशियाने आस्त्राखान प्रांतातल्या पोल्ट्रीतल्या सात कामगारांना एच5एन8 ची लागण झाल्याचे जगाला कळवले होते. जो विषाणू फक्त पक्ष्यांचा मानला जात होता, तो माणसांतही शिरू शकतो हे त्यातून कळले.

2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. जानेवारीत अहवाल आला की कारण बर्ड फ्लू होते. त्याच जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तिथेही हाच रोग निघाला. 30 ऑगस्ट 2025 पासून दिल्लीचे प्राणिसंग्रहालय पुन्हा बंद करावे लागले, कारण चित्रबलाकांचे नमुने बाधित निघाले. मधल्या काळात लम्पी त्वचारोगाने गुरांचे कळप झोपवले. अशी संकटे आता अपवाद राहिलेली नाहीत. दर एक-दोन हिवाळ्यांनी ती दारात उभी राहणार.

मयूर विहारच्या त्या आठवड्याने तीन गोष्टी सिद्ध केल्या. खबर लवकर मिळाली तर साथ आटोक्यात राहते. निदान होईपर्यंत बाजार थांबवणे शहाणपणाचे असते, पण निदानाच्या पुढे जाऊन शिजलेल्या अन्नावर बंदी घालणे म्हणजे गरिबाच्या पोटावर पाय देणे. आणि देशाच्या राजधानीचे नमुनेही जर जालंधर-भोपाळला जाऊन यावे लागत असतील, तर मेळघाटातल्या किंवा अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरच्या मेलेल्या कोंबडीचे निदान किती दिवसांनी होईल याचा विचार राज्यकर्त्यांनी करायला हवा. जिल्ह्याजिल्ह्यात प्राथमिक तपासणीची सोय, पशुवैद्यकांच्या रिकाम्या जागांवर भरती आणि बाजारभावाशी जुळणारी, महिनाभरात हातात पडणारी भरपाई, या तीन गोष्टींवर खर्च करणारे सरकार पुढच्या साथीत कितीतरी पटींनी पैसा वाचवेल.

आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे एक काम आहे. अंगणात, शेतात, बागेत किंवा तळ्याकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले तर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना जवळ जाऊ देऊ नका, ते कचऱ्यात किंवा पाण्यात फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.